दिवा विजल्यावरचं हसू

आमच्या शेजारच्या ताईंनी उभा जन्म हसून पोट भरलं. मी लग्न करून या घरात राहायला आलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याच्या डोळ्यांचा नंबर तपासला असता. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला दुसरं काय सुचणार? ताईंचा चेहराच असा, की बघणाऱ्याला वाटावं, आपण घरी गॅस चालू ठेवून आलोय.

जिन्यात भेटल्या की मी एखादा विनोद सोडायचोच. ती माझी खोड. बायको तिला आजार म्हणते. ताई शांतपणे ऐकून घ्यायच्या. हसायच्या नाहीत, पण लगेच निघूनही जायच्या नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या वळणाकडे बघत जरा थांबायच्या, जणू मागून कुणी वर येतंय आणि त्याला वाट करून द्यायची आहे. मी वळून बघायचो. कुणी नसायचं.

"कुणाची वाट बघतात हो त्या?" बायकोने एकदा विचारलं.

मी म्हटलं, माझ्या विनोदाचा अर्थ वयस्कर आहे, जिने चढून यायला त्याला वेळ लागतो. बायकोने नाक मुरडलं. आपण किती नेमकं बोलून गेलो हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ताईंची नोकरी ही अशी. बाजाराच्या मागच्या गल्लीत पूर्वी एक रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमध्ये मागून जो हशा येतो, तो तिथे तयार व्हायचा. आपल्याला वाटायचं, कुठेतरी लोक खुर्च्यांवर बसून बघतायत आणि हसतायत. कसले लोक! बिनखिडकीची खोली, तिच्यात एक लाकडी बाक, समोर काच आणि काचेपलीकडे साउंडवाला. काचेच्या वर लाल दिवा. दिवा लागला की हसायचं, विजला की तोंड मिटायचं. साउंडवाल्याने एक बोट दाखवलं तर गालातल्या गालात, दोन दाखवली तर खळखळून, मूठ दाखवली तर पोट धरून. हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवायच्या, कारण त्या वाजतात. कडक इस्त्रीचे कपडे चालायचे नाहीत, ते कुरकुरतात. नटांचे संवाद एका लहानशा कर्ण्यातून बारीक आवाजात यायचे. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावेत. ताई ऐकायच्या नाहीत. त्यांचं लक्ष दिव्यावर.

सुरुवातीला बाकावर पाच-सहा माणसं असायची. मालकाचा हात आखडला तशी दोनच उरली, ताई आणि त्यांची धाकटी बहीण. साउंडवाला आवाजावर आवाज चढवून दोघींचा भरलेला हॉल करायचा.

या नोकरीने ताईंना लागलेली सवय आमच्या घरालाही भोवली आहे. माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा ताई धीर द्यायला म्हणून दवाखान्यात आल्या. आम्ही सगळे बाकावर चिंतेत बसलेलो. सासऱ्यांना आत नेलं, दार बंद झालं आणि दारावरचा लाल दिवा लागला. ताई हसल्या. चांगल्या दोन बोटांचं, खळखळून. दिवा चालू, हसू चालू. सासूबाईंनी तेव्हा जो अबोला धरला तो अजून सुटलेला नाही. ताई घरी येईपर्यंत तोंडावर पदर धरून होत्या. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मात्र आम्ही त्यांना मुद्दाम मागे उभं केलं, कारण लिफ्टच्या बटणातही लाल दिवा आहे.

धाकटीला ही सवय कधीच लागली नाही. ती दिव्यावर हसायचीच नाही. कर्ण्याला कान लावून संवाद ऐकायची, विनोद नीट समजून घ्यायची आणि समजला की हसायची. तोवर दिवा विजलेला असायचा. सगळं शांत झाल्यावर अर्ध्या श्वासाने तिचं हसू यायचं, एकटं. साउंडवाला आधी चिडला. मग त्याने टेप पुन्हा ऐकली आणि ते हसू तसंच ठेवलं. त्या एका उशिराच्या हसण्यामुळे आधीचा सगळा हशा खरा वाटायला लागला होता. कुणालातरी खरंच कळलंय, असं.

ताई तिला रागवायच्या. पगार दिव्याचा मिळतो, म्हणायच्या, डोक्याचा नाही. त्यावर धाकटी म्हणायची की न समजता हसणं म्हणजे उष्टं हसणं, दुसऱ्याच्या ताटातलं.

तिच्या डोक्यात सतत काही ना काही शिजत असायचं. दोघींच्या खोलीतली खाट तिने भिंतीपासून ओढून मधोमध आणली होती आणि दर काही दिवसांनी ती फिरवून ठेवायची. आज डोकं इकडे, पुढच्या वेळी तिकडे. झोपेत तरी नव्या दिशेला जाऊ, असं तिचं म्हणणं. ताईंनी ती खाट अजून मधोमधच ठेवली आहे. फिरवत मात्र नाहीत. आमची ही त्यांच्याकडे गेली की दर वेळी त्या खाटेला गुडघा आपटून येते.

शेवटी धाकटी खरोखरच गेली. एक पुस्तकांची गाडी गावोगाव फिरून पुस्तकं विकायची, तिच्यावर तिने काम धरलं. जग बघेन, फुकट वाचेन, वर पगार घेईन, असा तिचा हिशोब. आईवडील लवकर गेलेले, ताईंनीच तिला वाढवलेलं. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. धाकटी ट्रंक घेऊन निघून गेली. पुढच्या वर्षी एका मोठ्या नदीवर ती गाडी तराफ्यावरून पलीकडे नेत होते. मध्यावर तराफा कलंडला. बाकीचे पोहून आले. पुस्तकं फुगून पुढे कित्येक दिवस काठाला लागत होती. धाकटी लागली नाही.

तेव्हापासून ताईंनी घराच्या दाराला आतून कडी लावली नाही. दार नुसतं लोटलेलं. मी त्यांना चिडवायचो, की चोर आला तर निदान चहा तरी विचारा, बिचारा आयुष्यात पहिल्यांदाच सरळ मार्गाने आत आलेला असेल. त्या म्हणायच्या, "राहू दे हो, चष्मेवाले." मला त्या चष्मेवाले म्हणतात. माझ्या सख्ख्या बहिणीनेही इतक्या मायेने कधी हाक मारली नाही.

आता मुद्द्याचं. त्या जुन्या मालिकांपैकी एक दोन-तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर पुन्हा लागली, रोज संध्याकाळी. ताईंकडे टीव्ही नाही. पहिल्याच दिवशी भिंतीतून आवाज गेला असणार, कारण त्या पोळपाट तसाच टाकून पिठाच्या हातांनी आमच्याकडे आल्या. मी खुर्ची दिली. त्यांनी ती फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून, आमच्या दाराकडे तोंड करून बसल्या.

पडद्यावर एक लठ्ठ सासरा खुर्चीवरून पडला. हशा झाला. थांबला. आणि मग अर्ध्या श्वासाने एक हसू आलं. अगदी लहान, झाकणाखालून वाफ सुटावी तसं. मी ती मालिका पूर्वी बघितलेली होती, पण हे हसू मला कधी ऐकू आलं नव्हतं. एकदा ऐकू आल्यावर मात्र दुसरं काही ऐकू येईना.

ताईंचे खांदे खाली आले. "आली," त्या हळूच म्हणाल्या.

बायकोने माझा हात इतका घट्ट धरला, की तसा तिने लग्नानंतर पहिल्यांदाच धरला होता. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो.

मग हा रोजचाच नेम झाला. ताई यायच्या, पाठ करून बसायच्या, त्यांना त्यांची बहीण भेटायची, आणि मालिका संपली की उठून जायच्या. आमच्या घरात तिसरं माणूस बसलेलं असतं आणि चौथं येऊन जातं, याची आम्हाला सवय झाली. बायको तर कधीकधी दाराजवळची चप्पल बाजूला सारून ठेवायची. का, ते मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली, ही मालिका महिनाअखेर बंद होतेय. मी ती वाचून दाखवली. वाचायला नको होती, पण आमचं तोंड आमच्या ताब्यात कधी असतं?

ताईंची नजर दारावरून हलली नाही. मग म्हणाल्या, "मग ती राहील कुठे?"

मला कशावरही विनोद सुचतो. यावर फक्त स्टुडिओ शोधायचं सुचलं.

मीच शोधाशोध केली. स्टुडिओच्या जागी आता टायरचं गोदाम आहे. साउंडवाला त्याच्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहतो, आणि जुन्या टेपा त्याने फेकलेल्या नाहीत, असं कळलं. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. नदीची बातमी आल्यापासून ताई कुठल्याही गाडीत बसल्या नव्हत्या. बाजार, औषधं, सगळं पायी. ऑपरेशनच्या दिवशीही त्या दवाखान्यात चालत आल्या होत्या. मी म्हटलं, मी एकटा जाऊन टेप आणतो. तर म्हणाल्या, "तुम्ही तिला ओळखणार कसं?" आणि दोन दिवसांच्या जाण्यायेण्याला सातासमुद्रापार निघाल्यासारखी बॅग भरली. तिच्यात शाल, टॉर्च, औषधं आणि एक उशीसुद्धा. उशी मीच उचलली, हे वेगळं सांगायला नको.

बसमध्ये खिडकी मला दिली आणि स्वतः आतल्या बाजूला बसल्या, नजर पुढच्या सीटच्या पाठीवर. वाटेत पूल आला तेव्हा त्यांनी माझं कोपर धरलं आणि पूल संपेपर्यंत बोलत राहिल्या. थांबलं तर पाणी ऐकू येईल, अशा. तेव्हाच त्यांनी धाकटी गेली त्या दिवसाचं सांगितलं.

धाकटी उंबऱ्यात ट्रंक घेऊन उभी होती. ताई संतापल्या होत्या. म्हणाल्या, गेलीस तर या घराचं दार तुला बंद. धाकटीने दाराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आणि काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'कडी आतून असते, ताई.' आणि उभी राहिली माझ्या तोंडाकडे बघत. चेष्टा होती ती काहीतरी. मी हसावं म्हणून थांबली होती. मला नाही कळली. मी दार लावून घेतलं." पूल संपला होता, पण माझं कोपर त्यांच्या हातातच होतं. "जिन्यात तिचे पाय वाजले नाहीत बराच वेळ. मग वाजले."

मला ती चेष्टा तिथेच कळली. पण विनोद समजावून सांगायचा नाही, हा आयुष्यात मी पाळलेला एकमेव नियम. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

साउंडवाला आता अगदी थकलाय. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून दुसरा पुढे करून बोलतो. मुलीच्या घराच्या मागच्या खोलीत त्याने टेपांची चक्रं बिस्किटांच्या डब्यांत ठेवलीयत, आणि ते जुनं, पाटाएवढं मशीनही. ताईंना बघून त्याने काही न बोलता मूठ दाखवली. ताई क्षणभर हसल्या, पोट धरून, दिव्याशिवाय. मग दोघंही जरा अवघडले.

मी टीव्हीवरच्या मालिकेचं नाव सांगितलं आणि त्याने तिचं चक्र चढवलं. खरखर झाली, लांबून एक संवाद आला, हशा उसळला, थांबला. अर्धा श्वास. आणि ते हसू.

"हीच," ताई म्हणाल्या. "ही मला द्या. दुसरं काही नको."

"ही म्हणजे?"

"धाकटी. ही शेवटची हसली ती."

साउंडवाल्याने बटण दाबून चक्र थांबवलं. कान ताईंकडे केला, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर ऐकलं. मग तो डब्यांकडे बघत म्हणाला, "धाकटीचं एकही चक्र राहिलेलं नाही गं. टेप महाग होती, मालक जुन्यावरच नवीन भरायला लावायचा. हे सगळे डबे ती गेल्यानंतरचे आहेत. तुमची ती टीव्हीवर लागते ती मालिकासुद्धा."

ताई म्हणाल्या, असं कसं असेल, आत्ताच तर आपण ऐकली.

"बाकावर तू एकटी होतीस तेव्हा."

खोलीत मशीनच्या मोटरची घरघर तेवढी चालू होती. ताईंनी बांगड्या काढल्या नव्हत्या, त्या बारीक वाजत होत्या.

"मी दिवा विजल्यावर कधी हसले नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. तुम्ही काचेतून बघितलं होतंत मला हसताना?"

"माणसांकडे कुठे बघायचो मी? मशीनवरच्या आवाजाच्या काट्याकडे बघायचो. दिवा मालवला की काटा पडायचा, आणि मग पुन्हा एकदा हलायचा. मला वाटलं, शिकलीस एकदाची. संवाद ऐकायला लागलीस." तो थांबला. "खोलीत तुझ्याशिवाय कोण होतं, मोठी? तूच असणार."

'तूच असणार' हे त्याने ज्या स्वरात म्हटलं, तो मला आवडला नाही. हिशोब जुळत नसताना माणूस जुळतोय म्हणतो, तसा.

त्याने चक्र पुठ्ठ्यात घालून ताईंच्या पुढे ठेवलं. परतीच्या बसमध्ये मी बघतो तर ते त्यांच्याकडे नव्हतं. विसरलात का विचारलं, तर म्हणाल्या, "ती त्याच्यात नाहीये." या वेळी त्या खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, की माझं हसू तसं आहे का हो?

"ताई, मी तुमच्या शेजारी इतकी वर्षं राहतो, रोज एक विनोद वाया घालवतो. मला कसं माहीत असणार?"

पूल आला. त्यांनी कोपर धरलं नाही. काचेला कपाळ टेकवून खाली पाण्याकडे बघत राहिल्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. मी त्यांची उशी काखेत घेऊन जिना चढलो. त्यांचं दार नेहमीसारखं लोटलेलं. ताई आत गेल्या, उंबऱ्यात वळल्या, दाराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दार लावलं. आणि मी उशी घेऊन बाहेर उभा असताना आतून कडी पडल्याचा आवाज आला. गंजलेली, दाबून सरकवलेली. शेजारी राहून इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. आम्ही दोघं बंद दारासमोर उभे. आत काही हललं नाही. खाट नाही, भांडं नाही, पाऊल नाही. मी दार ठोठावायला हात उचलला.

तेवढ्यात ते हसू आलं. लहान, एकटं, झाकणाखालून वाफ सुटावी तसं. टीव्हीतून नाही, टेपमधून नाही. दाराच्या पलीकडून, हाताच्या अंतरावर.

बायकोने माझा दंड धरला. मग ते हसू मोठं झालं, मोकळं झालं, त्यात रडू मिसळलं, आणि कडी निघाली. दारात ताई उभ्या होत्या, डोळे पुसत. हसू त्यांच्याच गळ्यातून येत होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि माझा नंबर मी वरचेवर तपासतो.

"चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "कडी आतून असते हो. दार तिला कुठे बंद झालं होतं? कोंडले गेले ती मी. एवढंच म्हणत होती ती, कार्टी." आणि पुन्हा हसल्या, उशिरा, समजून.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत ताई निघाल्या. आधी त्या नदीवर जाणार, मग पुस्तकांची गाडी ज्या ज्या गावी थांबायची त्या गावांना, आणि पुढचं पुढे. बॅगेत उशी नव्हती. खाट फिरवून ठेवली होती, डोकं वेगळ्या दिशेला. दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, झाडांना पाणी घाला आणि विनोद जरा बरे शोधून ठेवा.

मालिका महिनाअखेरीला बंद झाली. त्यांची खुर्ची आम्ही तशीच ठेवली आहे, टीव्हीकडे पाठ करून.

परवा संध्याकाळी जेवताना मी बायकोला एक विनोद सांगितला. चांगला होता, माझ्या मानाने. ती हसली नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि अर्ध्या श्वासाने भिंतीपलीकडून ते हसू आलं.

तांब्या बायकोच्या हातातच राहिला. मी उठून बाहेर गेलो. ताईंच्या दाराला कुलूप जसंच्या तसं होतं. हात लावून पाहिलं, थंड. दाराला कान लावला. आत खाट सरकवल्यासारखं काही वाजलं की काय कोण जाणे, पण नसेल.

"कोण आहे हो?" बायकोने आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "कुणालातरी कळला."